गोळीला गुडघ्याचा पत्ता ठाऊक नसतो

(दृश्य: जिना. कठड्यावर घट्ट धरलेला हात. एकेक पायरी, थांबत थांबत.)

जिना उतरताना गुडघा जास्त बोलतो, हे गुडघेदुखीवाल्या माणसाला सांगावं लागत नाही. सकाळी सांधा आखडलेला असतो, चार पावलं टाकली की जरा सैल होतो. सांध्यांच्या झिजेचा हा आजार म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2019 साली जगात सुमारे 52 कोटी 80 लाख लोकांना तो होता. सगळ्यात जास्त वेळा तो गाठतो गुडघ्यालाच.

(दृश्य: सांध्याचं रेखाचित्र.)

हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, वेदना पोचवणाऱ्या नसाही नाहीत. म्हणजे जी झिजते, ती स्वतः दुखत नाही! दुखतं ते तिच्याखालचं हाड आणि सांध्याभोवतीचं सुजलेलं आवरण. म्हणूनच कुणाचा एक्स-रे भयंकर दिसतो आणि माणूस मात्र आरामात चालत असतो.

झीज थांबवणारं किंवा कूर्चा परत उगवून देणारं, मान्यता मिळालेलं असं एकही औषध आज नाही. आहेत ती दुखण्यावरची औषधं. एवढं कळलं तरी निम्म्या जाहिराती गळून पडतात.

सुजलेल्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि नसांना हळवं करून ठेवतात. ॲस्पिरिन ही रसायनं तयारच होऊ देत नाही, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक ही त्याच कुळातली.

पंचाईत अशी, की गोळीला गुडघ्याचा पत्ता ठाऊक नसतो. ती पोटातून रक्तात जाते आणि अंगभर हिंडते. जठराचं अस्तर आम्लापासून वाचवायला, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळायला शरीराला हेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. ते अडवलं की कुणाला अल्सर होतो, कुणाचा रक्तदाब चढतो, कुणाच्या मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय हृदयविकाराचा धोका वाढतो. पोट वाचवण्यासाठी काढलेलं याच कुळातलं रोफेकॉक्सिब 1999 मध्ये बाजारात आलं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर सप्टेंबर 2004 मध्ये ते मागे घ्यावं लागलं.

(दृश्य: गुडघ्यावर जेल लावणारी बोटं.)

म्हणून गुडघ्यासाठी सुरुवात बाहेरून. डायक्लोफेनॅकचं जेल नेमून दिल्याप्रमाणे गुडघ्याला लावलं, तर रक्तात उतरणारं औषध गोळीच्या तुलनेत सुमारे 6 टक्केच भरतं. मलमाला लोक दुय्यम समजतात, ते चुकीचं आहे. मात्र दिवसातून तीन-चार वेळा, सलग काही दिवस लावायला हवं; दुखलं तेव्हा बोटभर चोळून भागत नाही. आणि खुब्याचा सांधा इतका खोल असतो, की तिथे जेलचा उपयोग नाही.

जेलने भागलं नाही, तर गोळी. पण कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, आणि जोडीला बहुधा ओमेप्राझोलसारखं पोट सांभाळणारं औषध. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर स्वतःच्या मनाने ही गोळी घेणं म्हणजे संकट ओढवून घेणं. पॅरासिटामॉल निरुपद्रवी म्हणून सगळे घेतात, पण या दुखण्यावर त्याचा उतारा तोकडाच पडतो. सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांचा आराम देतं, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

आता ग्लुकोसामाइन, म्हणजे सांध्यांसाठी म्हणून विकली जाणारी पूरक गोळी. 2006 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. गुडघेदुखीचे 1,583 रुग्ण, 24 आठवडे. ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांपैकी 64 टक्के लोकांचं दुखणं किमान पाचव्या हिश्शाने कमी झालं. भारीच की! पण ज्यांच्या गोळीत औषधच नव्हतं, त्यांच्यातही हे प्रमाण 60 टक्के होतं. ‘मला गुण आला’ म्हणणारा शेजारी खोटं बोलत नसतो. गुण कशाने आला, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही.

वेदनेचा निरोपच तोडायचा, असाही प्रयत्न झाला. टॅनेझुमॅब या इंजेक्शनने दुखणं कमी होत होतं, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने खराब झाले. 2021 मध्ये अमेरिकी औषध नियामकाच्या सल्लागारांनी 19 विरुद्ध 1 मतांनी ते नाकारलं.

(दृश्य: वजनकाटा. त्यावर ठेवलेलं पाऊल.)

2024 मधली एक चाचणी वेगळ्याच वाटेने गेली. सेमाग्लुटाइड, म्हणजे वजन उतरवणारं इंजेक्शन. लठ्ठपणा आणि गुडघेदुखी दोन्ही असलेले 407 जण, 68 आठवडे. आहार आणि व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी 13.7 टक्क्यांनी उतरलं, आणि शंभरच्या मोजपट्टीवर दुखणं जवळपास 42 अंकांनी. औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांचं दुखणं 27.5 अंकांनी घटलं होतं. लठ्ठपणा नसलेल्यांवर ही चाचणी झालेली नाही. त्यांच्यासाठी पहिली पायरी अजूनही तीच, जेलची नळी.

(दृश्य: तोच जिना. या वेळी वर जाताना.)