टस्कनीत पाऊस लागला तर? वाल दोर्चातले आमचे सहा दिवस

(हातात बूट, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

नमस्कार मंडळी. आधी हा बूट बघा. तळाच्या खाचांमध्ये ही करडी माती दिसतेय ना, ती इटलीतली आहे. टस्कनीच्या दक्षिणेला, सिएना शहराच्या खाली, वाल दोर्चा नावाचं खोरं आहे, तिथली. घरी येऊन तीन आठवडे झाले, बूट दोनदा ब्रशनं घासला, तरी ती निघायला तयार नाही. आजचा व्हिडिओ या मातीबद्दल आहे, आणि ज्या पावसामुळे ती बुटाला लागली त्या पावसाबद्दल.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं तिथे होतो. जाण्याआधी घरच्यांपासून ऑफिसातल्यांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, पाऊस लागला तर? एवढा खर्च करून जाताय, पैसे पाण्यात जायचे. आणि पाऊस लागलाच. सहापैकी चार दिवस लागला. पण सहांतला एकही दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत पावसाचा नव्हता, आणि एकही दिवस नुसता उन्हाचाही नव्हता. तुम्ही एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर हे पक्कं डोक्यात ठेवा, कारण बाकीचं सगळं यावरून ठरतं.

असं का होतं ते आधी सांगते.

(पडद्यावर: इटलीचा नकाशा, वर आल्प्स, डावीकडे समुद्र)

इटलीच्या डोक्यावर आल्प्सची भिंत आहे. वसंतात उत्तरेकडून थंड हवा येते, ती आल्प्सला अडते आणि वळसा घालून समुद्रावर उतरते. तिथे, जेनोवाच्या आखातावर, कमी दाबाचा पट्टा तयार होतो. मग नैऋत्येकडून लिबेच्चो नावाचा वारा सुटतो, समुद्रावरची ओल उचलतो आणि टस्कनीवर आणून टाकतो. हा पाऊस दोन-चार दिवस येत-जात राहतो.

दुसरा प्रकार आपल्याला नवा नाही. सकाळी लख्ख ऊन, जमीन तापते, वरची हवा मात्र अजून गार. दुपारी ढग चढायला लागतात आणि तीन-चारच्या सुमाराला गडगडाट. आपला वळीवच! फरक इतकाच की आपल्याकडे वळवानंतर हायसं वाटतं आणि तिथे हुडहुडी भरते. दुपारी अठरा-वीस अंश असतात, सर येऊन गेली की बघता बघता दहा-अकरा. सुती कुर्ता घालून निघालेल्या माणसाचे हाल होतात.

तर मग करायचं काय? माझं ठाम मत आहे, एकाच ठिकाणी मुक्काम करा. एक दिवस फ्लॉरेन्स, एक दिवस सिएना, एक रात्र पिएन्झा असं करू नका. रोज बॅगा भरायच्या, ठरल्या वेळी निघायचं आणि नेमकं तेव्हाच आभाळ फाटायचं, यात सुट्टीतली मजा तर जातेच, दोघांमध्ये कुरबुरी सुरू होतात त्या वेगळ्या. मी हे पुस्तकी सांगत नाही. आमची आधीची एक सहल अशीच, पावसात बॅगा ओढत आणि एकमेकांवर वैतागत संपली होती.

यावेळी आम्ही सहाही रात्री एकाच शेतघरात राहिलो. तिथे त्याला आग्रितुरिस्मो म्हणतात. नुसतं गावाकडचं हॉटेल म्हणजे आग्रितुरिस्मो नाही बरं का. इटलीत यासाठी १९८५ साली देशपातळीवर कायदा झाला, पुढे २००६ मध्ये नवा आला. मुख्य काम शेती, पाहुणे ठेवणं हा जोडधंदा, ही त्यातली अट. म्हणजे तुमच्या खोलीखाली खरोखर ट्रॅक्टर उभा असतो. (आपल्या महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. तिकडची चाळीस वर्षांची घडी बघण्यासारखी आहे.)

बुकिंग करण्याआधी एक गोष्ट जरूर विचारा, खोली गरम ठेवायची सोय आहे का? इटलीत इमारतींचं हीटिंग कधीपासून कधीपर्यंत चालवायचं हे सरकारी नियमानं ठरतं, आणि टस्कनीच्या बहुतेक भागात ती मुदत १५ एप्रिलला संपते. थंडी फारच असेल तर महापौर वाढवून देऊ शकतात, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. आम्ही पोचलो त्या रात्री बाहेर आठ अंश होते आणि दगडी भिंती बर्फासारख्या. सुदैवानं खोलीत चुल्हाणं होतं, आणि मालकीणबाईंनी टोपलीभर ऑलिव्हची लाकडं आणून ठेवली होती. ऑलिव्हचं लाकूड मंद जळतं आणि बराच वेळ टिकतं. पहिली रात्र आम्ही त्याच्यासमोर बसून काढली, आणि कुठे जायचं याची जी भलीमोठी यादी केली होती ती त्याच रात्री निम्मी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस. मी खट्टू होऊन खिडकीत उभी होते. खाली मालकीणबाई, साठीच्या पुढच्या असतील, ओसरीत उभ्या राहून पावसाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मी ओळखला. सोलापूरकडे माझे आजोबा असेच उभे राहायचे. त्या मला म्हणाल्या, "अप्रीले, ओन्यी गोच्चा उन बारीले." एप्रिलचा एकेक थेंब म्हणजे एकेक पिंप. ती तिकडची जुनी म्हण आहे. समोरच्या टेकड्यांवर जो हिरवागार गालिचा दिसतो ना, ज्याचे फोटो काढायला जगभरातून लोक येतात, तो गव्हाचा आहे. एप्रिलमध्ये त्याची वाढ जोरात असते, जून-जुलैत काढणी होते. पाऊस नसेल तर तो रंगच नाही. मी ज्याला नावं ठेवत होते त्याच्यावर त्यांचं वर्ष चालतं. त्यानंतर मी पावसाबद्दल तक्रार केली नाही.

पावसानं आम्हाला आणखी काय दिलं, तर धुकं.

(पडद्यावर: धुक्यातून वर आलेली टेकडी, सायप्रसची झाडं)

हे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. खोरं पांढरं दुधानं भरलेलं आणि त्यातून एखादं घर, चार सायप्रस वर आलेले. हे रोज दिसत नाही. आदल्या दिवशी पाऊस झालेला हवा, म्हणजे माती ओली, रात्री आभाळ निरभ्र हवं आणि वारा पडलेला हवा. मग जमीन भराभर थंड होते, गार हवा जड म्हणून खोऱ्यात उतरते आणि तिथली वाफ धुकं होऊन बसते. ऊन चढलं की विरून जातं. म्हणून संध्याकाळी पाऊस थांबून चांदण्या दिसल्या की गजर पावणेसहाचा लावायचा. आम्ही सान क्विरिको गावाजवळच्या एका वळणावर गाडी लावून उभे होतो. आधी काहीच दिसेना. मग एक सायप्रसचं टोक आलं, मग दुसरं, मग कौलं. माझा नवरा सकाळी चहाशिवाय बोलत नाही, पण त्या दिवशी आम्ही दोघंही तासभर बोललो नाही, आणि त्याचं कारण चहा नव्हता.

आता मातीकडे येते, कारण इथे सावध राहायला हवं.

लाखो वर्षांपूर्वी या भागावर समुद्र होता. त्याच्या तळाचा गाळ म्हणजे ही चिकणमाती, आणि तिच्यात आजही शिंपले सापडतात. सिएनाच्या आग्नेयेच्या पट्ट्याचं नावच क्रेते सेनेसी आहे, म्हणजे सिएनाची चिकणमाती. आपली काळी माती आठवा. उन्हाळ्यात भेगा आणि पावसात लोण्यासारखी, पाय टाकला की किलोभर बुटाला. अगदी तसंच.

तिथे दोन तऱ्हेचे कच्चे रस्ते आहेत. स्त्रादे बियांके, म्हणजे पांढरे रस्ते, खडी टाकून दाबलेले असतात आणि पावसातही सावकाश गेलं तर चालतात. पण त्यांना फुटलेली शेतातली वाट नुसत्या मातीची असते. नकाशा तीही रस्ता म्हणून दाखवतो. आम्ही एका देवळाचा फोटो घ्यायला अशा वाटेवर शिरलो, पाच मिनिटांत सर आली आणि गाडीची पुढची चाकं जागेवर फिरायला लागली. मी उतरून मागून ढकलत होते, नवरा स्टिअरिंगवर. हा बूट त्या दिवशीचा. शेवटी शेजारच्या शेतातल्या काकांनी ट्रॅक्टर आणून ओढून काढलं, पैसे घेतले नाहीत. भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याचदा धरलेला नसतो, तेव्हा करार नीट वाचा आणि पाऊस झाल्यावर खडी सोडून आत शिरू नका. हवामानाचे इशारेही बघा. पिवळा, नारिंगी, लाल अशी रंगांची पद्धत आहे. पिवळा नेहमीचाच असतो, नारिंगी असेल तर ओढ्याकाठचे सखल रस्ते टाळा.

बूट वाळवायची युक्ती आईची, वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबायचे. इटालियन वर्तमानपत्रानंही बूट तितकेच छान वाळतात.

आमचा नियम सोपा होता. दिवस आखायचा नाही, अर्धा दिवस आखायचा. सकाळी उठून दक्षिणेला मोंते आमियाता बघायचा. १,७३८ मीटरचा विझलेला ज्वालामुखी आहे, खोऱ्यात जवळपास कुठूनही दिसतो. शिखर मोकळं असेल तर दुपारपर्यंत टेकड्या. त्यावर ढगाची टोपी असेल तर छपराखालचं काम. आणि आभाळात लोकरीच्या पुंजक्यांसारखे ढग दिसले की मालकीणबाई म्हणायच्या, "चेलो आ पेकोरेल्ले, आक्वा आ कातिनेल्ले." आभाळात मेंढरं, तर पाणी घंगाळानं. दोनदा म्हणाल्या, दोन्हीदा खरं ठरलं.

छपराखालचं म्हणजे काय, तर माझ्या मते सगळ्यात आधी सिएना. तिथल्या नगरभवनात, पालाझ्झो पुब्लिकोत, आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीनं १३३८-३९ मध्ये भिंतभर चित्र रंगवलंय, चांगल्या राज्यकारभाराचे शहरावर आणि शेतांवर काय परिणाम होतात याचं. बाहेर धो धो पाऊस आणि आत भिंतीवर त्याच टेकड्या, नांगरणारी माणसं, ओझं लादलेली जनावरं. वाल दोर्चा २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलं, त्यामागे हेच आहे. ही जमीन नैसर्गिक देखावा म्हणून उरलेली नाही, सिएनाच्या लोकांनी पंधराव्या शतकाच्या आगेमागे ठरवून अशी घडवली. हे चित्र आधी बघा आणि मग खोऱ्यात फिरा, नजर बदलते. सिएनात गाडी जुन्या शहराच्या आत नेऊ नका, परवानगीशिवाय शिरलं की कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं.

पिएन्झा छोटं आहे, दोन तासांत होतं. इथे जन्मलेले पोप पियुस दुसरे यांनी १४५९ पासून रोस्सेल्लीनो या वास्तुकाराकडून आपलं गाव नव्यानं बांधून घेतलं आणि गावाला स्वतःचं नाव दिलं. गल्ल्यांमध्ये पेकोरिनोचा, म्हणजे मेंढीच्या दुधाच्या चीजचा, वास भरलेला असतो. शाकाहारी असाल तर लक्षात घ्या, पारंपरिक चीज लावायला जनावराच्या जठरातलं रेनेट वापरतात. चालत नसेल तर 'पीची आल्लाल्योने' मागा. हातानं वळलेल्या जाड शेवया, वर टोमॅटो आणि भरपूर लसूण. थंडीत जीव वाचवतात. तिथल्या पावात मीठ नसतं, आधी विचित्र वाटतं, पण रस्सा खारट असला की जमून जातं.

आणि बान्यो विन्योनीला पावसातच जा. गावाच्या चौकात फरसबंदीऐवजी गरम पाण्याचं मोठं कुंड आहे, चारी बाजूंनी दगडी घरं. जमिनीतून पाणी येतं ते पन्नास अंशांच्या आसपास. कुंडात उतरायला मनाई आहे. पण गार पाऊस त्या पाण्यावर पडत असतो आणि वाफ उठून सगळ्या चौकात पसरते, समोरची घरं दिसतात आणि पुसली जातात. उन्हात हे दिसत नाही. एका छत्रीत आम्ही दोघं पाऊण तास उभे होतो.

सामानाचं पटकन सांगते. छत्री वाऱ्यात उलटते, टोपीचं विंडचीटर हवं. एक लोकरी स्वेटर, बुटांचे दोन जोड. गाडी चालवणार असाल तर भारतातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. इटलीला जायला जो शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठीचा प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. दुपारी अडीच-तीननंतर सातपर्यंत खाणावळी बंद, तेव्हा पावसात अडकायच्या आधी जेवून घ्या.

शेवटच्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. सकाळपासून ऊन होतं, मालकीणबाईंनी सगळ्या खोल्यांच्या चादरी अंगणात दोऱ्यांवर घातल्या होत्या. आम्ही ओसरीत बसलो होतो. तीनच्या सुमाराला आमियाताचं शिखर दिसेनासं झालं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, काही न बोलता उठलो आणि चादरी काढायला लागलो. मालकीणबाई आतून धावत आल्या तोवर निम्म्या निघाल्या होत्या. पहिला थेंब पडला तेव्हा शेवटची चादर माझ्या खांद्यावर होती, उन्हानं अजून कोमट.