शेवटच्या अर्ध्या तासाची सावली

(दृश्य: पौड रस्ता, संध्याकाळ. कॅमेरा गाडीच्या आत, चालकाच्या खांद्यामागे.)

कोथरूडमध्ये राहून खराडीला नोकरी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला सूर्य दिवसातून दोनदा समोरून येतो: सकाळी नगर रस्त्याने पूर्वेकडे जाताना आणि संध्याकाळी घराकडे, म्हणजे पश्चिमेकडे परतताना. खराडीत राहून कोथरूडला कामाला जाणाऱ्याच्या मात्र तो दोन्ही वेळा पाठीशी असतो. गाडीतील सनव्हायजर, म्हणजे समोरच्या काचेच्या वर बसवलेली ऊन अडवणारी फळी, नव्याने घडवण्याच्या आमच्या प्रयत्नाची ही गोष्ट आहे, आणि हे चित्रीकरण मार्च महिन्यातले, सूर्यास्तापूर्वीच्या अर्ध्या तासातले आहे. पडदा पांढरा पडला आहे हा कॅमेऱ्याचा दोष समजू नये. चालकाच्या डोळ्यांनाही या क्षणी साधारण एवढेच दिसते.

चालकाचा हात वर जातो आणि सनव्हायजर खाली येतो. सावली आधी कपाळावर पडते, मग भुवयांवर, आणि तिथेच थांबते. डोळे उन्हातच राहतात. चालक मान उंचावते, पाठ ताठ करते आणि शेवटी डावा हात स्टिअरिंगवरून काढून डोळ्यांसमोर धरते. तिची उंची 4 फूट 11 इंच आहे.

(दृश्य: नाना पेठ. सुट्या भागांच्या दुकानातील जुन्या व्हायजरांचा ढीग.)

सनव्हायजर ही गाडीतील बहुधा सर्वांत दुर्लक्षित वस्तू असावी. इंजिन, ब्रेक, दिवे यांविषयी ग्राहक चार प्रश्न विचारतो. व्हायजरविषयी विचारलेच तर त्यात आरसा आहे का, एवढेच विचारतो. 1920च्या दशकातील बंद मोटारींना उन्हाची झडप गाडीच्या बाहेर, समोरच्या काचेच्या वर असे, घराच्या खिडकीवर छज्जा असतो तशी. तेव्हा काच जवळजवळ उभी होती. पुढे काच तिरपी झाली, छत गोलाकार झाले आणि छज्जा आत येऊन एक फळी बनला. त्या फळीचे काम आजही मूलतः तेच राहिले आहे, आणि आमची तक्रार नेमकी तिथे सुरू होते.

टेबलावर उकललेला हा व्हायजर एका साध्या हॅचबॅक मोटारीचा आहे. वरचे रेक्झिन सोलल्यावर आत हलका फोम लागतो, फोमच्या कडेने तारेची चौकट जाते आणि वरच्या काठात काटकोनात वाकवलेला दांडा असतो. त्या दांड्याला पोलादी पत्र्याची एक छोटी क्लिप घट्ट चावून बसलेली आहे. सगळी करामत या क्लिपची आहे: फळी ज्या कोनात सोडावी त्या कोनात ती राहते, कारण क्लिप आणि दांडा यांच्यातील घर्षण फळीच्या वजनापेक्षा आणि रस्त्याच्या हादऱ्यांपेक्षा जास्त असते. क्लिप सैल पडली की फळी आपोआप कपाळावर उतरू लागते. जुन्या गाडीच्या व्हायजरला रबरबँड बांधलेला दिसतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. आरशाजवळचे टोक हुकातून सोडवले, तर फळी बाजूच्या काचेकडे वळवता येते. मात्र ती तिकडे वळली की समोरची बाजू उघडी पडते. दोन्ही व्हायजरांमध्ये, आरशाच्या मागे जी फट राहते, तिच्यासाठी काचेवरच काळ्या ठिपक्यांचा पट्टा छापलेला असतो. अनेकांना ती निव्वळ नक्षी वाटते.

(दृश्य: भिंतीवर खडूने काढलेली आकृती. दोरा, मोजपट्टी, प्लायवूडचे आसन.)

या आकृतीवर थोडा वेळ थांबणे आवश्यक आहे. आम्ही मोजलेल्या गाडीत व्हायजरची बिजागरी चालकाच्या डोळ्यांपासून सुमारे 40 सेंटिमीटर पुढे येते आणि फळीची उंची 15 सेंटिमीटर आहे. उंच चालकाच्या डोळ्यांपेक्षा बिजागरी 12 सेंटिमीटर वर असते. त्याने फळी सरळ खाली सोडली, तर तिचा खालचा काठ डोळ्यांच्या पातळीच्याही 3 सेंटिमीटर खाली उतरतो. डोळा जमिनीपासून 1.2 मीटरवर धरला, तर समोरचा फक्त 16 मीटरपर्यंतचा रस्ता दिसतो आणि त्यापुढचे सारे झाकले जाते. म्हणून असा माणूस फळी तिरपी करून काचेकडे ढकलतो.

ठेंगण्या चालकाचा डोळा त्याहून 8 सेंटिमीटर खाली असतो. तिच्यासाठी तीच फळी डोळ्यांच्या 5 सेंटिमीटर वरच संपते. दोरा ताणून कोन मोजला की तो 7 अंश भरतो. म्हणजे सूर्य क्षितिजापासून 7 अंशांच्या खाली आला की व्हायजर असून नसल्यासारखा. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य बराच उभा मावळतो. विषुवदिनाच्या सुमारास तो तासाला साधारण 14 अंश उतरतो. त्यामुळे 7 अंश म्हणजे सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास. ऊन सर्वांत आडवे आणि रस्ते सर्वांत गजबजलेले असतात त्या अर्ध्या तासात ही फळी ठेंगण्या चालकाला सोडून देते. उशी घेऊन बसा, हा सल्ला तिला नेहमी मिळतो; फळी बदला, असे कोणी म्हणत नाही.

(दृश्य: अंधारी खोली. काठीला बांधलेला दिवा हळूहळू खाली येतो. चेहऱ्यावर सावलीचा काठ.)

आकाशात सूर्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश आहे. 40 सेंटिमीटरवर धरलेल्या वस्तूच्या बाबतीत हा अर्धा अंश 4 मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो. त्यात बुबुळाच्या मधल्या बाहुलीची रुंदी मिळवली, तरी एका डोळ्यासाठी रुपयाच्या नाण्याएवढा आडोसा पुरतो. दोन डोळ्यांना दोन नाणी. मग एवढी मोठी फळी कशासाठी? कारण डोके हलते, गाडी वळते, रस्ता चढतो आणि उतरतो. फळीचा आकार ठरतो तो या हालचालींच्या अनिश्चिततेवरून. फळी योग्य जागी नेता येत असेल, तर ती लहान असूनही चालते, ही या रचनेची मूळ कल्पना आहे.

(दृश्य: काळ्या काचांच्या गाड्या, नंतर प्रदर्शनातील पारदर्शक व्हायजर.)

काचच काळी करण्याचा मार्ग कायद्याने अडवलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के व बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत यावा लागतो. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळ्या फिल्म चिकटवण्यास मनाई केली. शिवाय समोरून येणाऱ्या सूर्यासाठी फिल्म तशी निरुपयोगीच. प्रकाश निम्मा केला तरी सूर्याकडे पाहवत नाही. दुसरा मार्ग बॉश कंपनीने जानेवारी 2020 मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनात दाखवला. त्यांच्या व्हायजरमध्ये पारदर्शक एलसीडी पट आहे. कॅमेरा चालकाचा चेहरा पाहतो, डोळे कुठे आहेत ते ओळखतो आणि पटाच्या षटकोनी घरांपैकी डोळ्यांवर सावली पाडणारी तेवढीच घरे काळी करतो. कल्पना देखणी आहे. फक्त त्यासाठी चेहऱ्याकडे रोखलेला कॅमेरा, संगणक आणि वीज लागते. जुन्या गाडीच्या छताला स्क्रूने बसवायच्या वस्तूकडून ही अपेक्षा फार झाली.

(दृश्य: पुठ्ठ्याचे नमुने, एकामागून एक.)

आमच्या व्हायजरचा पहिला नमुना वहीच्या पुठ्ठ्याचा होता आणि तो दुपारभर टिकला. दुसऱ्यात धुरकट प्लास्टिकचे पान होते; त्यातून सिग्नल दिसत होता, पण सूर्यही दिसत होता. तिसऱ्यापासून पान अपारदर्शक केले. आज हातात आहे तो सातवा नमुना. मिटलेल्या अवस्थेत तो 30 सेंटिमीटर रुंद आणि 11 सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे नेहमीच्या फळीपेक्षा लहान. त्याच्या पोटात दोन पाने आहेत. एक खाली 9 सेंटिमीटर सरकते, दुसरे आडवे 12 सेंटिमीटर बाहेर येते आणि काचेच्या कडेच्या खांबाजवळची फट झाकते. आकृतीकडे परत पाहिल्यास हिशेब लागतो: उंच चालकासाठी मिटलेल्या फळीचा काठ डोळ्यांच्या 1 सेंटिमीटर वर राहतो आणि रस्ता मोकळा दिसतो, ठेंगण्या चालकाने पान पूर्ण ओढले की काठ नेमका तिच्या डोळ्यांच्या पातळीला येतो.

पानाच्या कडा गोल करण्यात तीन नमुने खर्ची पडले. अपघातात डोके व्हायजरवर आदळू शकते. म्हणूनच अमेरिकी मानकात व्हायजर आघात शोषणाऱ्या पदार्थाचा असावा आणि त्याच्या बैठकीवर, म्हणजे तो गाडीला जिथे बसवतात त्या भागावर, 165 मिलिमीटर व्यासाच्या डोक्याच्या साच्याला स्पर्श होईल तिथे, 3.2 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येची कडक कड नसावी, अशी अट आहे. ती अट बैठकीपुरती आहे. आम्ही ती पानालाही लावली. पातळ पानाला एवढी गोलाई देता येत नाही. अखेर पानाच्या खालच्या काठाला मऊ रबराची नळी चिरून बसवली. तीच आता ओढण्याची मूठही झाली आहे.

हा नमुना अजून कोणत्याही अधिकृत चाचणीला गेलेला नाही, आणि त्याच्या उत्पादनखर्चाचा अंदाजही काढायचा आहे.

(दृश्य: पुन्हा पौड रस्ता, तीच वेळ. गाडी रस्त्याच्या कडेला उभी.)

“अजून थोडं खाली घ्या, दादा,” असे तीच ठेंगणी चालक सांगते आणि मग स्वतःच हात वर करून पान ओढते. सावली भुवयांवरून पापण्यांवर आणि पापण्यांवरून गालाच्या हाडावर उतरते. दोन्ही हात स्टिअरिंगवर परत येतात. गाडी निघते. पहिल्या गतिरोधकावर पान खडखडते, दुसऱ्यावर बोटभर खाली घसरते. खाचेतील फेल्टची पट्टी पातळ पडली आहे. आठव्या नमुन्यात ती दुप्पट जाडीची घ्यायची आहे.