बीटलचं रिझर्व्ह: तीन लिटरची परीक्षा

मंडळी, 1961 च्या आधीची फोक्सवॅगन बीटल ज्यांच्याकडे आहे, त्यांना डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा सापडायचा नाही. तो नव्हताच. डिलक्स मॉडेलला काटा आला ऑगस्ट 1961 मध्ये, म्हणजे 1962 च्या मॉडेलपासून. तोवर पायाशी, समोरच्या पत्र्यावर, एक छोटी दांडी असे: चालू, बंद, रिझर्व्ह. ज्यांनी बजाजची जुनी चेतक स्कूटर चालवली त्यांना हे समजावून सांगायला नको. इथे फक्त वाकावं लागतं. सराईत चालक तर बुटाच्या टोकानेच दांडी फिरवत.

आत काय असतं ते पाहू. टाकी पुढे, 40 लिटरची. तिच्या बुडाला कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, आणि कॉकवर टाकीत शिरलेली उभी नळी. 'चालू'वर पेट्रोल या नळीच्या वरच्या तोंडातून येतं. माठाची तोटी बुडाच्या जरा वर असली की तळाशी पाणी उरतं, तसं सुमारे 5 लिटर पेट्रोल खाली राहतं. रिझर्व्हला टाकलं की बुडाजवळचं भोक उघडतं. वेगळी टाकी वगैरे काही नसते. हे मुद्दाम सांगतो, कारण 'रिझर्व्हची टाकी कुठाय?' असं विचारत गाडीखाली शिरणारे मेकॅनिक मी पाहिलेत.

तक्रारी दोन. पहिली सगळ्यांना कळते: गाडी आचके द्यायला लागली, दांडीला हात घातला, तरी इंजिन बंद पडलं. यात बऱ्याचदा दोष कशातच नसतो. मागच्या वेळी पेट्रोल भरल्यावर दांडी रिझर्व्हलाच राहिलेली असते. दुसरी तक्रार कोणी करतच नाही, आणि मला तीच जास्त घातक वाटते. टाकीतली नळी बुडाशी गंजून भोक पडलेलं असतं, किंवा कॉकचं पॅकिंग आतून गळत असतं. मग 'चालू'वरच सगळं पेट्रोल संपतं. गाडी उत्तम चालते, रिझर्व्ह मात्र उरलेलंच नसतं.

म्हणून कॉक खोलण्याआधी मोजा. गाडी उघड्यावर घ्या, इंजिन थंड, बॅटरीची वायर काढलेली. पिटवर हे काम नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते. डबा धातूचा घ्या. कॉकपासून निघणारा रबरी होज खालून सोडवा आणि टाकी पूर्ण रिकामी करा. आता दांडी 'बंद'वर ठेवून मोजून 3 लिटर पेट्रोल ओता. थेंब गळला तर पॅकिंग गेलं. मग 'चालू' करा. 3 लिटरची पातळी नळीच्या तोंडाखाली राहते, त्यामुळे इथेही काही येता कामा नये. आलं, तर नळी किंवा पॅकिंग, दोहोंपैकी एक. शेवटी 'रिझर्व्ह'. आता धार लागलीच पाहिजे. नाही लागली, तर आधी कोणाला तरी दांडी फिरवायला सांगून खालून कॉककडे बघा. दांडी आणि कॉक जोडणारा मधला रॉड ढिला झाला असेल तर आत दांडी फिरते आणि कॉक जागचा हलत नाही. हलत असेल, तर भोक किंवा कॉकची गाळणीची जाळी गाळाने बुजली आहे.

गाळ तिथेच का साचतो? टाकीतला गंज आणि पाणी बुडाशीच जातं, आणि रिझर्व्ह नेमकं तिथूनच ओढतं. आता आपल्याकडे पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी फार झालं की त्याच्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं. महिनोन् महिने कव्हरखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत हे होऊ शकतं. कॉकचं जुनं बुचाचं किंवा साध्या रबराचं पॅकिंगही या पेट्रोलपुढे टिकत नाही. बदलताना व्हायटॉनचं, म्हणजे अशा पेट्रोलला टिकणाऱ्या खास रबराचं, घाला. त्याला दोन पैसे जास्त पडतात, पण इथे काटकसर करू नका.

आणि जाळी बुजली म्हणून खालच्या होजमधून काँप्रेसरची हवा मारू नका. गॅरेजमध्ये हा प्रकार सर्रास चालतो. गाळ टाकीत उडतो, गाडी लगेच सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन निघतं, आणि थोड्याच दिवसांत तोच गाळ पुन्हा जाळीवर. टाकी उतरवून आतून धुवायची, पूर्ण वाळवायची, कॉक जाळीसकट साफ करून बसवायचा आणि तीच 3 लिटरची परीक्षा पुन्हा घ्यायची.