पाऊल जवळ टाका

जळगावचा मेहरूण तलाव. उन्हं तापायच्या आत पळून घ्यायचं, म्हणून काठावरचा रस्ता भल्या पहाटेच जागा होतो. यातली बरीच पोरं भरतीची. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि त्याला २० गुण. मग जो तो ढांग वाढवायला बघतो. थोड्या दिवसांनी तक्रार येते, "गुडघा दुखस."

यातल्याच एका मुलाचं हे पाऊल सावकाश बघा. टाच टेकली, तेव्हा पाय शरीराच्या किती पुढे आहे! गुडघा जवळजवळ ताठ. दर पावलाला हा मुलगा स्वतःलाच ब्रेक लावतोय आणि तो धक्का गुडघ्याची वाटी सोसतेय. लांब ढांग म्हणजे जास्त वेग, ही समजूत मैदानावर फार पक्की आहे. दुखलं की पट्टा बांधतात, गोळी घेतात. पाऊल कुठे पडतंय, ते कोणीच बघत नाही.

आता मोजणी. अर्धा मिनिट फक्त उजवं पाऊल मोजायचं आणि आकड्याला चारने गुणायचं. याची भरली ३९, म्हणजे मिनिटाला १५६ पावलं. वेग तोच ठेवून १६४ वर यायचंय. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं अ‍ॅप लावलं. टिक वाजली की पाऊल. आधी पाय चुकतात, खांदे आवळतात. चुकू द्या. बघा, पाऊल शरीराखाली यायला लागलं. टेकताना गुडघा किंचित वाकलेला, डोक्याचं वरखाली होणं कमी. झुकायचं तेही जरासंच, कंबरेत मोडून नाही. आणि आवाज ऐका, मघाची थपथप गेली.

२०११ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी ४५ धावपटूंवर हेच तपासलं. वेग न बदलता पावलं ५ टक्के वाढवली, तरी गुडघ्यावरचा भार कमी झाला. पाच टक्के, म्हणजे या मुलाची जेमतेम आठ पावलं!

चवड्यावर पळायची घाई मात्र नको; गुडघ्याचा भार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो. गुडघा सुजला किंवा अडकत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

बाकीच्यांनी एक मिनिट टिकटिकीवर पळायचं, एक मिनिट तिच्याशिवाय. पायाला लय बसली, की मोबाइल खिशात.