खुर्ची टाकून बसलेले मालक

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. १९९५ साली प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा, जिंकलेला हा क्लब आपल्या महाराष्ट्रातल्या मालकांकडे आला, याचं अप्रूप होतंच. पण महिनाभरातच, संघ तेराव्या स्थानावर असताना, अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं आणि क्लबमधल्याच स्टीव्ह कीन यांना नेमलं. २०१२ मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला. पुढच्याच हंगामात हेनिंग बर्ग यांना ५७ दिवस मिळाले, मायकेल अ‍ॅपलटन यांना ६७.

आता विचार करा, सत्तावन्न दिवसांत कोणता खेळाडू प्रशिक्षकासाठी जीव तोडून पळेल? उद्या हे असतील की नाही, हेच त्याला ठाऊक नसतं.

लंडनच्या चेल्सी क्लबचे तेव्हाचे मालक अब्रामोविचही सतत प्रशिक्षक बदलत. दोनदा लीग जिंकून देणारे मुरिन्यो २००७ मध्ये गेले. डी मॅटिओंनी मे २०१२ मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली, नोव्हेंबरमध्ये त्यांनाही घरी पाठवलं. तरी चषक येत राहिले. का? माझ्या मते टेरी, लॅम्पार्ड, द्रोग्बा यांच्यासारख्या जुन्या खेळाडूंनी ड्रेसिंग रूम सांभाळली. म्हणजे प्रशिक्षकाचं काम खेळाडूंनी अंगावर घेतलं. असे खेळाडू प्रत्येक संघाच्या नशिबी नसतात.

आपल्याकडे तर नसतातच. नाशिकरोडला किंवा देवळालीला एखादा सामना बघायला जा. जर्सी, बूट, गाडीभाडं देणारे भाऊ रेषेलगत खुर्ची टाकून बसलेले असतात. मध्येच हाक जाते, "सर, त्या आठ नंबरला काढा!" पुढच्या वेळी सर स्वतःहून कोणाला बाहेर बोलावतात, तेव्हा तो पोरगा सरांकडे बघतच नाही, खुर्चीकडे बघतो. सरांचा शब्द तिथेच पडला.

भाऊंची तळमळ खरी असते, पदरचे पैसे घालतात, त्यांना विचारायचा हक्क आहेच. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. खर्च किती, ध्येय काय, हे हंगामाआधी सरांशी बसून ठरवा. सामना हरलात तर दुसऱ्या दिवशी, दार लावून जाब विचारा. पटलंच नाही तर हंगाम संपल्यावर सर बदला. पण एखादा पोरगा "मला खेळवत नाहीत" म्हणत तुमच्या दुकानात आला, तर चहा पाजा आणि सरांकडे परत पाठवा.