टोमॅटोचा डबा

मंडळी, आपल्या खेळांत एखादं धाकटं पोर ‘कच्चा लिंबू’ असायचं. बाद झालं तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. शब्दात टिंगल होती, पण सांभाळून घेणंही होतं. बॉक्सिंगमध्ये कच्च्या गड्याला जी नावं पडली आहेत, त्यांत हे सांभाळून घेणं औषधालाही सापडत नाही.

अमेरिकेत त्याला ‘टोमॅटो कॅन’ म्हणतात. डबा ठोकला की रस गळतो, तसं याला ठोकलं की रक्त गळतं, अशी त्याची फोड सांगतात. पुढे नुसतं ‘कॅन’ उरलं. ‘हॅम अँड एगर’ म्हणजे एका जेवणापुरत्या पैशांवर रिंगमध्ये उतरणारा. बघा, एकात माणसाचं रक्त मोजलंय, दुसऱ्यात त्याची भूक.

पण सगळ्यात गाजला तो ‘बम’, म्हणजे फुकट्या, भणंग. 1940 च्या डिसेंबरपासून अमेरिकेचा जगज्जेता जो लुई जवळपास दर महिन्याला आपला हेवीवेट किताब पणाला लावत होता. समोर येणाऱ्यांची पत्रकारांनी एका दमात वासलात लावली: ‘बम ऑफ द मंथ क्लब’. आता या माळेतले मणी पाहा. मे 1941 मध्ये बडी बेअरने पहिल्याच फेरीत लुईला दोरांबाहेर पाडलं. जूनमध्ये बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर गुणांवर पुढे होता. तेराव्यात लुईला लोळवायच्या नादात स्वतःच लोळला. टाइपरायटरपुढे बसून त्यांना भणंग म्हणणाऱ्यांनी लुईचा एक तरी ठोसा खाऊन बघायला हवा होता, असं मला नेहमी वाटतं.

इंग्लंडमधला शब्द त्यातल्या त्यात सभ्य: ‘जर्नीमन’. मुळात याचा अर्थ रोजंदारीवरचा कारागीर, आणि तो इथे चपखल बसतो. होतकरू पोराच्या नावावर तिकिटं खपतात, त्याचे मित्र, काके-मामे हॉल भरतात. त्याला हरवायला कोण बोलावणार? मग ठरलेल्या पैशांवर, कधी अगदी ऐनवेळी, जर्नीमनला फोन जातो.

बर्मिंगहॅमचा पीटर बकली हा अशांचा मुकुटमणी. 300 लढती, त्यांतल्या 256 हरलेल्या. एवढा हरणारा माणूस अडाणी असेल असं वाटतं ना? उलट आहे. हनुवटी छातीशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. ठोसा यायच्या आत अर्धं पाऊल पुढे सरकून समोरच्याला मिठी मारायची, म्हणजे त्या ठोशाला जोर धरायला जागाच उरत नाही. कारण नॉकआउट झालात की नियमाप्रमाणे काही आठवडे सक्तीची विश्रांती, आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. म्हणजे हरायचं, पण पडायचं नाही. हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पुढे जगज्जेता झालेल्या नसीम हमीदशीही तो लढला होता. अशा माणसाच्या अंगावर पोरं चुकत चुकत शिकतात, पण पोस्टरवर नाव पोराचं मोठं.

2008 मध्ये बकलीची तीनशेवी लढत होती, शेवटची, आणि घरच्या गावात. त्या रात्री हॉलमधली माणसं त्याच्यासाठी आली होती. ती लढत तो जिंकला.