पॉइंट सारखे, तरी सामना एकतर्फी का? प्राचीन मिनिएचर युद्धात घोडदळ आणि पायदळ

टेबलावर छोट्या पुतळ्यांच्या फौजा लढवताना प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटमध्ये धरतात. ते पॉइंट जुळवले की फौजा तोडीस तोड झाल्या, असं वाटतं ना? हिशोब करू. समजा पायदळाचा बेस (पुतळे चिकटवलेली पट्टी) ६ पॉइंटचा आणि घोडदळाचा ९ चा. १४४ पॉइंटांत एकीकडे २४ बेस, दुसरीकडे १६. आपल्या १५ मिमी उंचीच्या पुतळ्यांचा बेस ४० मिमी रुंद, म्हणजे पायदळाची एकेरी फळी ९६० मिमी.

आता टेबल. मुंबईच्या वन-बीएचकेत बसणार तीन फुटी, साधारण ९१५ मिमी. फळी या कडेपासून त्या कडेपर्यंत, वर दोन बेस शिल्लक! घोड्याचे जादा पॉइंट मोजले ते वेगासाठी, आणि वळसा घालायला बगलच नाही. हीच फळी सहा फुटी टेबलावर मांडा: दोन्ही बाजूंना ४३५ मिमी मोकळं रान आणि पायदळाची पिछाडी उघडी.

म्हणून घोड्याचा भाव उतरवण्याआधी फळीला खोली द्या. मागे दुसरी रांग असेल तर भालाईतांना फाशावर +१. मग खेळाडू आपणहून दोन रांगा लावतो, फळी ४८० मिमीवर येते आणि तीन फुटातही बगला मोकळ्या होतात.

हा +१ किरकोळ नाही बरं का. दोघांनी एकेक फासा टाकायचा, मोठा आकडा जिंकला. बरोबरीच्या जोडीत तुम्ही ३६ पैकी १५ वेळा जिंकता. +१ ला २१ वेळा, +२ ला २६. त्यामुळे घोड्याच्या धडकेला +२ देऊच नका. +१ पुरे, तोही पहिल्या फेरीपुरता.

खरी डोकेदुखी तिरंदाज स्वारांची. बाण मारायचे, मागे सरकायचं, वेळ संपेपर्यंत हेच. इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हेच्या लढाईत सेनापती क्रॅससचे रोमन सैनिक शत्रूचे बाण संपायची वाट बघत राहिले. ते संपेनात, कारण शत्रूच्या, म्हणजे प्राचीन इराणच्या पार्थियनांच्या, पाठीशी बाणांनी लादलेले उंट होते.

तेच उंट टेबलावर आणा. प्रत्येक तिरंदाज बेसला चार मारे. बेसमागे छोटा फासा ठेवून मोजा, कागदावर कोणी लिहीत बसत नाही. संपले की उंटाला भिडून एक चाल थांबायचं. उंट हलत नाही, आणि पायदळाने गाठला तर भाते कायमचे रिकामे. फक्त जागा आधी ठरवा: बाजूच्या कडेपासून किमान ३०० मिमी आत. नाहीतर समोरचा तो हमखास कोपऱ्यात दडवतो, आणि पायदळ तिथे पोचेपर्यंत सामना संपलेला असतो.